गच्चीवरची बादली

ती बादली अजून डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण मला मान खाली घालायला लावली ती एका प्लास्टिकच्या बादलीनं.

दोन हजारच्या दशकातली गोष्ट. चेन्नईत पावसानं दगा दिला होता. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या एका ठाण्याचा मी इन्स्पेक्टर. आम्ही तंजावरकडचे, घरात मराठी, ठाण्यात तमिळ. त्यामुळे साताऱ्याकडच्या एक निवृत्त शिक्षिका तक्रार घेऊन आल्या तेव्हा त्यांना माझ्याच टेबलाशी बसवलं. बाई रसायनशास्त्र शिकवत.

"सासूबाईंचा चांदीचा तांब्या कोणीतरी बदललाय, साहेब. मुलीला लग्नात द्यायचा होता. वजनाला हलका लागतोय, कोरलेलं नावही पुसट. नक्कल आहे. घरात माझ्याशिवाय फक्त कामवाली असते."

शेजारच्या वॉचमननं खबर दिली की त्या कामवालीनं तांब्या फाटकाशी एका परक्या माणसाच्या हाती दिला होता. झालं! माझ्या लेखी गुन्हा उघडकीस आला. महिला पोलीस पाठवून तिला तिच्या घरून, अख्ख्या गल्लीदेखत जीपमधून आणलं.

दुपारपर्यंत ती नजर वर करीना. नजर चुकवतो तो चोर, हा माझा तेव्हाचा ठोकताळा. शेवटी रडतच तमिळमध्ये बोलली.

"चिंचेनं घासायचा कंटाळा आला, अय्या. पॉलिशवाला आला, त्याला दिला. माझ्यासमोरच चकचकीत करून परत दिला त्यानं. अम्मा ओरडतील म्हणून गप्प बसले."

"काय लावलं त्यानं?"

"बाटलीतलं कसलंसं पाणी डब्यात ओतून त्यात बुडवला. धूर निघाला. मग आमच्या बोअरच्या पाण्यात धुतला, तर बादली ताकासारखी पांढरी झाली. तो म्हणाला, मळ निघाला."

मी मोठ्यानं हसलो. "चांदीचा मळ काळा असतो. थाप मारायची तर नीट मार!"

शिक्षिका शेजारीच जबाबावर सही करत होत्या. चेन्नईतल्या इतक्या वर्षांत त्यांना तमिळ चांगलं कळू लागलं होतं. त्यांचं पेन थांबलं.

"साहेब, थांबा. ते नायट्रिक ॲसिड असेल तर चांदी त्यात विरघळते; म्हणूनच तांब्या हलका आणि नाव पुसट, नक्कल नव्हे. आणि आपलं बोअरचं पाणी खारट. विरघळलेल्या चांदीला मीठ मिळालं की पांढरा साकाच पडणार. हिला हे कुठून माहीत असणार? पाहिलं म्हणून सांगतेय ती." मग तिच्याकडे वळून म्हणाल्या, "ते पाणी कुठं ओतलंस ग?"

"ओतेन कशाला, अम्मा? पाण्याची ही बोंब. गच्ची धुवायला वर ठेवलंय."

"उन्हात? मग आता तो साका पांढरा नसणार, साहेब. जांभळट काळा झालेला असेल."

आम्ही गच्चीवर गेलो. बादलीत वर पाणी नितळ, तळाशी जांभळट काळा गाळ. बाई जिन्यातच बसल्या. "जन्मभर पोरींना हेच शिकवलं, आणि घरातल्या बाईला चोर ठरवलं मी," म्हणाल्या.

महजर, म्हणजे आपला पंचनामा, करून गाळ प्रयोगशाळेत पाठवला. चांदीच निघाली. पॉलिशवाला त्याच आठवड्यात बाटलीसकट सापडला.

पण त्या दुपारी मी कामवालीला म्हटलं, चल, जीपनं घरी सोडतो.

"नको अय्या. जीपमध्ये बसताना सगळ्यांनी पाहिलंय. आता चालत चला आणि प्रत्येक दारात तोंडानं सांगा."

गेलो. टोपी घालून, दारोदार. चूक माझी, हिची नाही, असं सांगितलं. मला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. बाईही आमच्यासोबत चालत होत्या. शेवटच्या दारापाशी त्यांनी विचारलं, "उद्या येशील ना ग?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. "येईन अम्मा. चांदी मात्र तुम्हीच घासा."

बादली न पाहता बाईंनी तिच्यात काय असेल ते सांगितलं, कारण कशात काय मिसळलं हे त्यांनी आधी ऐकून घेतलं होतं. मी मात्र गरीब बाई आणि चांदी एवढ्यावरच उत्तर काढून मोकळा झालो होतो. त्यानंतर समोरचा नजर चुकवू लागला की मी आधी विचारायचो, घाबरतोस कुणाला? तिला हे विचारलं असतं तर तिनं अम्माचं नाव घेतलं असतं. आणि खरं बोलायची हिंमत असती तर माझंही.