सहाच्या आत एक वाक्य

मला हरवायला निघालेला माणूस लबाड आहे अशी खात्री पटली, तेव्हा मला फार बरं वाटलं. प्रामाणिक माणसाशी खेळताना हरण्याची भीती वाटते. लबाडाशी खेळताना निदान आरडाओरडा करता येतो, आणि आरडाओरडा हा माझा आवडता प्रांत आहे.

खेळ साधा होता. मराठीत गप्पा मारायचं एक संकेतस्थळ आहे. तिथे पाककृती, राजकारण आणि गुडघेदुखी यांचे लांबलचक धागे चालतात, आणि एका कोपऱ्यात आम्ही पन्नाशीच्या आसपासची पोरं शब्दांचे खेळ खेळतो. संपादक एक शब्द देतात. प्रत्येक खेळाडूने रोज संध्याकाळी सहाच्या आत एक वाक्य टाकायचं, आणि त्या वाक्यात तो शब्द आधी कोणी न करून घेतलेलं काम करताना दिसला पाहिजे. कोशातली वाक्यं बाद. कोणीतरी खरोखर तोंडाने बोललेलं वाक्य हवं. सहाचा ठोका चुकला की खेळाडू बाहेर. शेवटी एकच उरला की तो विजयी आणि धाग्याला कुलूप. पुढचा शब्द कधी येईल ते संपादकांच्या लहरीवर. मागच्या वेळी त्यांनी पाच महिने घेतले होते.

चार वेळा मी जिंकलो होतो. आचोळ्यातल्या आमच्या सोसायटीत याचं कोणाला काही वाटत नव्हतं. लिफ्ट बंद पडल्याचं पत्र लिहायचं असलं की मात्र माझी आठवण व्हायची.

पाचवा शब्द आला ‘लागणे’.

पहिल्या दिवशी तीस-पस्तीस जण तुटून पडले. भूक लागली, ठेच लागली, कामाला लाग, वाट लागली. मी मिशीत हसलो. आठवडाभरात आटपेल, असा माझा अंदाज होता. तिसऱ्या आठवड्यात मला झोपताना धागा पहिल्यापासून वाचायची सवय लागली आणि छाती दडपायला लागली. जन्मापासून हा शब्द वापरतोय आणि त्याच्याकडे एकदाही धड पाहिलं नव्हतं! लग्न लागतं आणि सुतकही लागतं. आग लागते आणि विहिरीला पाणीही लागतं. भात लागला म्हणजे बुडाशी करपला, आणि रोप लागलं म्हणजे जगलं. माझ्या कोकणातल्या आजोळी साप चावला असं कोणी म्हणत नाही, जनावराचं नाव तोंडातून काढायचं नाही म्हणून हळू आवाजात ‘पान लागलं’ म्हणतात. ते मी टाकलं त्या दिवशी धाग्यावर टाळ्यांचा खच पडला. मी बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून तो खच दाखवला.

“छान,” ती म्हणाली. “आता दूध आणा.”

दोन महिन्यांनी आम्ही दोघेच उरलो. मी, आणि नावाशेजारी केळीच्या पानाचं चित्र लावलेला एक सभासद.

हा केळीचं पान मला सहन होत नव्हता. मी सकाळी आठला थाटात माझं वाक्य टाकायचो, सोबत ते कुठे ऐकलं त्याचा किस्सा, किश्शाला शेपूट. हा दिवसभर गप्प. सहाला दहा मिनिटं असताना, कधी दोनच मिनिटं असताना, दोन-तीन शब्द टाकायचा. “बूट लागतो.” “तळ्याला शेवाळ लागलं.” एकदा तर नुसतं, “गोड लागतं.” इतकं रोजचं की माझ्यासारख्या चतुराच्या हातून ते निसटलेलं असायचं. आणि मग एखाद्या दिवशी एकदम, “मन लागत नाही.” किस्सा नाही, शेपूट नाही.

हा मला खेळवतोय, असं मी ठरवलं. मुद्दाम शेवटच्या मिनिटापर्यंत ताटकळत ठेवायचं, म्हणजे मी खचतो! शिवाय एक दिवस पोरकट आणि एक दिवस थोर असं एक माणूस लिहीत नाही. म्हणजे एका खात्याआड अख्खी कमिटी बसली आहे, मध्ये कोश उघडून. मी धाग्यावर मोठ्या अक्षरांत तसा आरोप केला. संपादकांनी दोन ओळींत उत्तर दिलं: रविवारपर्यंत पुरावा द्या, नाहीतर जाहीर माफी मागा.

मला चिंता नव्हती. माझ्याकडे हुकमाचा एक्का होता. ‘लागणे’चा एक असा वापर, जो प्रत्येक घरात रोज होतो आणि दोन महिन्यांत एकालाही सुचला नव्हता. तो मी अडीअडचणीसाठी राखून ठेवला होता. बायकोलाही सांगितला नव्हता. खरं तर तिने विचारलाच नव्हता.

केळीच्या पानाला मी खाजगी निरोप धाडला: हिंमत असेल तर समोरासमोर भेटा. उत्तर आलं: “या. निर्मळला. सकाळी नको, फुलं असतात. चार वाजता. भोंगेवाल्यांचं घर कोणीही सांगेल.”

शनिवारी स्कूटर काढली. पूल ओलांडून पश्चिमेला, सोपारा मागे टाकून वाड्यांमधल्या रस्त्याला लागलो. पुरावा म्हणून फोटो काढायचे होते, त्यामुळे फोन पूर्ण चार्ज केला होता. तळ्याजवळ सायकलवर केळीचा घड घेऊन चाललेल्या एका माणसाला विचारलं.

“भोंगेवाले? ते चाफ्याची झाडं आहेत ना, त्याच्या मागे,” तो म्हणाला. “बोलायला आलात?”

“भांडायला,” मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिलं आणि पॅडल मारलं.

ओटीवर सत्तरीचा एक गृहस्थ खुर्चीत बसला होता. धिप्पाड, पांढरीशुभ्र बंडी, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. ठेवून दिलेला म्हणजे कोणीतरी दुसऱ्याने ठेवलेला, हे एका नजरेत कळत होतं. शेजारी त्याची बायको केळीच्या पानावर कळ्या वेगळ्या करत होती. तिने मला खुर्ची दिली.

“तुम्हीच का ते पान लागलंवाले?” तिने विचारलं. “ते वाचून हे दोन दिवस हसत होते.”

मी गृहस्थांना नमस्कार केला. त्यांनी डावा हात उचलला. तोंड उघडलं, काहीतरी घडवायचा प्रयत्न केला आणि मिटून घेतलं. डोळे मात्र माझ्यावर रोखलेले, सावध आणि खट्याळ.

काकींनी फुलांतून मान वर न काढता सांगितलं. निर्मळच्या जत्रेत वर्षानुवर्षं भोंग्यावर यांचा आवाज असायचा. हरवलेल्या मुलांना हे पुकारायचे. रडून रडून स्वतःचं नाव विसरलेल्या पोरालासुद्धा यांनी मांडीवर घेऊन बोलतं केलेलं. दीड वर्षापूर्वी झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, पण शब्द वर येत नाहीत. वसईला बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडे नेलं, तर त्यांनी चित्रांचे पत्ते दिले. छत्री, सफरचंद, घोडा.

“यांनी ते पत्ते वाडीत फेकले,” काकी म्हणाल्या. “या वयाला छत्री दाखवून हे काय म्हणून विचारायचं? मलाही राग आला असता. मग मुलीने फोनवर तुमचा तो खेळ लावून दिला. मी वाचून दाखवते. यांना खेळायचं होतं.”

“मग वाक्य लिहितं कोण?”

“टाइप मी करते. बोलतात हे.” त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. “तुमचाच नियम ना, कोणीतरी तोंडाने बोललेलं हवं? सकाळी सुरू करतात. कधी दुपारी येतं, कधी सहाला पाच मिनिटं असताना. पूर्ण वाक्य बाहेर पडल्याशिवाय मी फोन हातात घेत नाही.”

“तुम्ही सुचवत नाही?”

“माहीत असतं हो मला. पन्नास वर्षांचा संसार आहे. काय म्हणायचंय ते माझ्या जिभेवर असतं. पण मी बोलले तर ते माझं झालं.” त्या पुन्हा कळ्यांकडे वळल्या. “मध्ये तुमची साइट आठवडाभर बंद होती बघा. त्या आठवड्यात एक अक्षर नाही. नुसते भिंतीकडे बघून बसले.”

‘गोड लागतं’ या दोन शब्दांना एक अख्खा दिवस लागला होता. मी सकाळी आठला किस्से टाकून ऐटीत कामाला जायचो, तेव्हा इथे या खुर्चीत एक माणूस नांगराला जुंपल्यासारखा त्या दोन शब्दांमागे लागलेला असायचा. कमिटी! मी चार्ज केलेला फोन खिशात आणखी खोल ढकलला.

“आजचं झालं?” मी विचारलं.

“नाही ना,” काकी म्हणाल्या. “आज काही येत नाहीये.”

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

आता माझी गंमत बघा. माझं वाक्य सकाळीच पडलेलं. या गृहस्थांनी चाळीस मिनिटं गप्प राहायचं, की मी पाचव्यांदा विजयी. त्यासाठी मला फक्त खुर्चीत बसून राहायचं होतं. मी बसून राहिलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याने जिंकावं म्हणून तळहाताला घाम फुटला.

साडेपाचला त्यांनी ‘लाग’ इतकं म्हटलं आणि पुढचं सापडेना. डावी मूठ खुर्चीच्या हातावर आपटली. पुन्हा ‘लाग’. काकींचे हात थांबले होते, ओठ आत ओढलेले. माझ्या खिशातला एक्का मला टोचत होता. नुसता कानात सांगावा? मी पुढे झुकलो. काकींनी बोट वर केलं, शाळेतल्या बाईंसारखं. मी मागे सरलो.

पावणेसहाला त्यांनी प्रयत्न सोडून दिला. मान टेकली, डोळे मिटले. वाडीत कुठेतरी पंप बंद झाला आणि एकदम शांत झालं. मग त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. घामाघूम होऊन त्यांच्या ओटीवर बसलेला, बोलावून आलेला पण कशाला आला ते अजून न सांगितलेला मी. त्यांनी डावं बोट माझ्याकडे केलं.

“हा,” ते म्हणाले. बराच वेळ गेला. “आप… ला.”

काकींनी श्वास धरला होता. मीही.

“कोण. लाग. तो?”

हा आपला कोण लागतो! माझा एक्का! दोन महिने जपून ठेवलेला, कोणाला न सुचलेला. यांना तो आठवावा लागला नव्हता. दारात अनोळखी माणूस बसला होता, त्याच्याविषयी विचारायचं होतं, एवढंच.

“हा?” काकी तोंडावर पदर धरून म्हणाल्या. “हा आपला दुश्मन लागतो!”

गृहस्थ हसले. अर्ध्या तोंडाने, पण पोटापासून. मी उठून उभा राहिलो. उभं राहून काय करायचं ते सुचेना, म्हणून टाळ्या वाजवल्या.

“बसा हो,” काकी टाइप करता करता म्हणाल्या. “चहा व्हायचाय अजून.”

निघताना माझा नंबर लिहून घेऊन त्या फाटकापर्यंत आल्या. “तिथे कोणाला सांगू नका,” त्या म्हणाल्या. “तिथे ते आजारी नाहीत.”

त्या रात्री मी माफी मागितली. कारण दिलं नाही, त्यामुळे धाग्यावर माझी यथेच्छ टिंगल झाली. संपादकांनीही एक टोमणा मारून घेतला. एरवी मी पेटून उठलो असतो. पण मला दुसरीच चिंता पडली होती. मी जिंकलो तर धाग्याला कुलूप. मी हरलो तरी कुलूप. आणि माझा एक्का गेला होता.

रविवारी सकाळी आठला माझ्याकडे वाक्य नव्हतं. दुपारी नव्हतं. मी भाजीवालीशी उगाच गप्पा मारल्या, वॉचमनला त्याच्या गावाबद्दल बोलतं केलं, जिन्यात मुलांचं भांडण कान देऊन ऐकलं. जे मिळालं ते सगळं यादीत होतं. साडेपाचला मी गॅलरीत येरझाऱ्या घालत होतो, तेव्हा फोन वाजला.

“अजून टाकलं नाहीत?” काकी. “हे विचारतायत.”

“विचारतायत म्हणजे?”

“म्हणजे विचारतायत. तोंडाने. थांबा, देते.”

फोनमध्ये श्वास ऐकू आला. मी घड्याळाकडे बघितलं नाही. मग जत्रेत गर्दीच्या टोकापर्यंत पोहोचत असेल असा जाडाभरडा आवाज आला, तुटक, पण हुकमी.

“कामा. ला. लाग.”

काल बोट दाखवून ‘हा कोण’ म्हणणारा माणूस आज मला सरळ ‘लाग’ म्हणत होता. हे वाक्य पहिल्याच दिवशी येऊन गेलेलं, त्यामुळे माझ्या काही उपयोगाचं नव्हतं. “हो काका,” मी म्हणालो, आणि लागलो.

स्वयंपाकघरात गेलो. बायको मांडणीपुढे स्टुलावर चढलेली.

“बोल,” मी म्हणालो. “काहीही बोल.”

“काय बोलू? हा डबा बघा आधी. घट्ट लावा म्हणून शंभरदा सांगितलं. गुळाला मुंग्या लागल्यात!”

यादीत शेवाळ होतं. वाळवी होती, बुरशी होती, कीड होती. मुंग्या नव्हत्या. मी बायकोला मुंग्यांसकट मिठी मारली. पाच वाजून चोपन्न मिनिटांनी वाक्य पडलं. किस्सा नाही, शेपूट नाही.

दोन मिनिटांनी काकींचा खाजगी निरोप आला: “वाचून दाखवलं. म्हणाले, ‘चा-व-ल्या?’”

खेळ चालू आहे. हे लिहू का म्हणून मी परवा निर्मळला जाऊन विचारलं. काकांनी बराच वेळ घेतला. मग म्हणाले, “लिही.” आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. त्या दिवशीचं माझं वाक्य अजून पडायचं होतं.