तोंडात पाणी धरून केलेला अभ्यास

आता ही फजिती सांगायची म्हणजे माझी मलाच लाज वाटते, पण चहा येईपर्यंत ऐका.

परवा नातीनं मला नगरमधली तिची अभ्यासिका दाखवली. काय तो थाट! गार हवा, गादीची खुर्ची, प्रत्येकाला वेगळा कप्पा. शेजारी कोण बसलंय याचा कुणाला पत्ता नाही. मला मात्र आमच्या कॉलेजचा वाचनकक्ष आठवला, आणि खरं सांगतो, गलबलून आलं. एकच लांबलचक टेबल, कोपराला कोपर लावून बसलेली पोरं, वर कुरकुरणारा पंखा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट.

मी पुणतांब्याचा. आमच्या घरी अभ्यास मोठ्यानं चालायचा. आवाज थांबला की आई चुलीपासून विचारायची, "का रं, झोपला का?" त्यामुळं मनात वाचायचं असतं, हे मला कॉलेजात आल्यावर कळलं. ग्रंथपाल देशपांडेसरांनी तंबीच दिली, "पुन्हा आवाज आला तर जागा दुसऱ्याला देईन." इकडं खोलीवर सदा पत्त्यांचा डाव. ही जागा गेली असती तर माझी परीक्षाच बुडाली असती.

खोलीवरचा दगडू म्हणाला, "तोंडात पानी धरून बस की. मग आवाज येतोय कुठनं?"

पटलं मला! माठातलं पाणी तोंडात भरून बसलो. आवाज बंद, फक्त गाल टम्म.

सर फेरीवर आले आणि माझ्यापाशी थांबले.

"तंबाखू आहे तोंडात?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग पान?"

आणखी जोरात हलवली.

"नाव सांग तुझं."

आता कसं सांगणार, तुम्हीच बोला! घाईनं गिळायला गेलो, ठसका लागला आणि सगळं पाणी सरांच्या पांढऱ्या शर्टावर. अख्खा कक्ष हसत सुटला. मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "सर, मला मनात वाचता येत न्हाई."

सर चष्मा पुसत राहिले. मग मागची जुन्या वर्तमानपत्रांची खोली त्यांनी उघडून दिली. "इथं वाच, हवं तेवढं मोठ्यानं." असा माणूस मला पुन्हा भेटला नाही हो.

दार लावून बसलो. पण भिंतीपलीकडं सगळे कान देऊन असतील, या विचारानं ओठच उघडेनात. नुसतेच डोळे फिरवत गेलो, आणि काय सांगू, सगळं डोक्यात शिरत होतं!

संध्याकाळी सरांनी डोकावलं. "आवाज कसा नाही? झोपलास की काय?"

"नाही सर," मी छाती फुगवून म्हणालो, "मला आता मनात वाचता येतं."

"छान. मग या खोलीची गरज नाही," म्हणत त्यांनी कुलूप लावलं.

मी धावत टेबलाशी आलो. माझ्या खुर्चीत दगडू! हळूच म्हणतो, "सरांनी जागा मला दिली. तुला सोतंत्र खोली मिळाली न्हवं?"

उरलेलं वर्ष मी कॉलेजच्या पायरीवर अभ्यास केला. तिथं कितीही ओरडून वाचलं असतं तरी कुणी हटकलं नसतं. पण आता मोठ्यानं वाचलं की डोक्यात काही शिरेना!