मोटारीची ओटी

साहेबांची मोटार विकायला निघाली आणि आमच्या घरातलं हसणंबोलणंच बंद झालं. आमचे मालक, म्हणजे माझे घरधनी, तिचे ड्रायव्हर. साहेब गोरे इंग्रज, सोलापुरातल्या एका गिरणीत मोठ्या हुद्द्यावर, आणि आता कायमचे विलायतेला निघालेले. अक्कलकोट रस्त्याला त्यांचा बंगला होता, त्याच्या मागं नोकरांच्या खोल्या, त्यातली एक आमची. मोटार गेली की नोकरी गेली आणि खोलीही गेली. पेपरात जाहिरात आली त्या दिवसापासून मालकांच्या घशाखाली भाकरी उतरत नव्हती.

मोटार मात्र काय होती म्हणून सांगू! काळीभोर, बंद टपाची, लांब नाकाची. आत चामड्याच्या गाद्या, पुढं अक्रोडाच्या लाकडाची फळी, त्यावर घड्याळंच घड्याळं. वाऱ्यासारखी पळते म्हणायचे. मी तिच्यात कधी बसले नाही, पण रोज सकाळी मालक तिला पाणी पाजायचे तेव्हा तांब्या मीच भरून द्यायची. नाकाच्या टोकाला एक चकचकीत बूच होतं, ते फिरवून उघडायचं आणि आत पाणी ओतायचं. इंजन तापलेलं असताना त्या बुचाला हात लावायचा नाही, आतली वाफ डोळे घेऊन जाते, असं त्यांनी मला बजावलं होतं.

मग मैंदर्गीकडच्या एका इनामदारांचं पत्र आलं. मोटार पसंत पडली तर ड्रायव्हरसकट घेऊ, आमच्याकडं असली गाडी हाकणारं कुणी नाही, असं त्यात होतं म्हणे. मालकांनी त्या दिवशी दोन घास जास्त खाल्ले. माझा जीव मात्र टांगणीलाच. पसंत नाही पडली तर? चालता चालता मधेच रुसली तर?

इनामदार यायच्या दिवशी मालक कपडे करायला गेले होते आणि मोटार अंगणात एकटीच उभी होती. मला वाटलं, लेक सासरी निघाली की आपण तिची ओटी भरतो, मग हिची का भरू नये? हिच्याच पायगुणानं आपलं नशीब उघडायचं आहे. हळदकुंकू लावलं, नारळ ओवाळला. आता तांदूळ कुठं घालायचे? हिला ना पदर ना मांडी. मग मी ते बूच उघडलं आणि पाच मुठी तांदूळ आत सोडले. बूच घट्ट लावलं आणि कुंकू पुसून टाकलं, कारण साहेबांना असलं काही खपायचं नाही. मालकांना सांगितलं असतं तर तेही ओरडले असते. म्हणून गप्प बसले. शहाणीच ना मी!

इनामदार आले. साहेब आणि ते मागं बसले, मालकांनी मोटार सुरू केली. कुंभारी गावापर्यंत जाऊन यायचं ठरलं होतं. मी हात जोडले आणि घरात येऊन भात शिजायला टाकला.

थोड्या वेळानं भाताला उकळी फुटली. फेस वर चढला, झाकण थडथडायला लागलं, पेज उतू जाऊन चुलीत पडली. मी झाकण काढायला पुढं झाले आणि वाफेचा चटका लागला तसा हात मागं घेतला. तेवढ्यात डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं बाई, मी हे काय करून बसले!

चूल तशीच टाकून मी पळत सुटले. पायात काही नाही, पदराचं भान नाही. मेंढरं घेऊन येणारा एक धनगर समोरून आला, त्याला मोटार दिसली का विचारलं. तो म्हणाला, "व्हय की, म्होरं उभी हाय. लई धूर सोडतीया." मी आणखी जोरात पळाले. ते बूच उघडताना आपला माणूस आंधळा होणार, आपल्या हातानं होणार, एवढंच डोक्यात घुमत होतं.

वळणावरून मोटार दिसली. नाकातून वाफ निघत होती. साहेब तांबडेलाल होऊन बोट दाखवत होते, इनामदार लांब बाजूला उभे होते, आणि मालक हाताला फडकं गुंडाळून बुचावर वाकले होते. गरम असताना हात लावू नये हे त्यांना काय ठाऊक नव्हतं? पण हुकूम साहेबांचा, आणि गिऱ्हाईक समोर. मी "अवो, अवो" करून ओरडले. वारा सुसाट, ऐकतंय कोण! मग मी त्यांचं नाव घेतलं. लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदा, मोठ्यानं, भर रस्त्यात.

त्यांनी चमकून मान वळवली. बूच सुटलं आणि उकळती पेज त्यांच्या कानाजवळून वर उडाली. तोंड वाचलं, डोळे वाचले. नुसतं मनगट पोळलं. काळ्या पत्र्यावर पांढरी शितं ओघळत होती.

साहेबांनी एक शीत बोटावर घेतलं, बघितलं, आणि विचारलं, हे कुणी केलं?

मी चार हातांवर उभी होते. मालकांनी एकदा शितांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. त्यांना सगळं कळलं. त्यांनी पुढं होऊन हात जोडले आणि म्हणाले, "म्या केलं, साहेब. पूजा केलती."

साहेबांनी तिथंच किल्ली मागून घेतली. इनामदार टांगा बघायला निघाले. मालक पोळलेला हात छातीशी धरून खाली मान घालून उभे होते. आणि मी, जी मघाशी गावाला ऐकू जाईल एवढं ओरडले होते, ती साहेबांच्या भीतीनं तोंडावर पदर धरून गप्प उभी राहिले.