दगड एकशे ऐंशी ग्रॅमचा

पांढुर्ण्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला फिजिक्सचा जो प्रयोग सगळ्यात सोपा म्हणून ओळखला जायचा, त्यानेच माझा घात केला. भिंतीला टेकवलेला उभा लाकडी फळा, त्याच्या वरच्या दोन कोपऱ्यांत दोन कप्प्या, आणि तीन दोऱ्यांची एक गाठ. दोन दोऱ्या कप्प्यांवरून खाली सोडून त्यांना माहीत असलेली वजनं लावायची, तिसरीला मधोमध दगड टांगायचा. गाठ जरा थरथरते आणि मग थांबते. थांबली की मागच्या कागदावर दोऱ्यांच्या खुणा करायच्या, वजनांच्या मापाने दोन रेघा ओढायच्या, समांतरभुज चौकोन पुरा करायचा आणि मधला कर्ण मोजायचा. कर्ण जेवढा, तेवढं दगडाचं वजन. दोन जोर दोन बाजूंनी ओढत असले की त्यांची बेरीज मधल्या वाटेनं जाते, एवढंच त्यातून शिकायचं असतं. ती गाठ थांबायची तो क्षण मला फार आवडायचा. का, ते विचारू नका. कोणाला भजी आवडतात, मला ते आवडायचं.

मी बोरगावहून यायची. सकाळी निघायचं, सौंसरला बस बदलायची आणि मग पांढुर्णा. बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "एका विषयात जरी लटकली, तं घरी बसाचं. कॉलेज बंद." बाबा वाईट नव्हते, पण एकदा बोललेलं मागे घेणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. त्यामुळे पास होणं ही माझ्यासाठी हौस नव्हती.

दगडाचं वजन एकशे ऐंशी ग्रॅम आहे, हे सगळ्या वर्गाला पाठ होतं. सीनियर मुलांनी सांगितलं होतं, त्यांना त्यांच्या सीनियर मुलांनी. परीक्षेच्या आधी तो आकडा ग्रुपवर फिरला आणि सगळ्यांनी उलटं गणित करून आकृत्या घरूनच तयार करून आणल्या. माझा मोबाईल नेमका तेव्हा भावाने नागपूरला नेला होता, म्हणून मला पत्ताच नव्हता. मी मोठी प्रामाणिक होते, असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. आकडा मिळाला असता तर मीही तोच लिहून लवकरची बस पकडली असती.

परीक्षेला छिंदवाड्याहून बाहेरचे परीक्षक आले होते. खिडकीजवळ खुर्ची टाकून बसले होते आणि आमचे सर त्यांना संत्री सोलून देत होते. मी प्रयोग केला. दोनशे तीस ग्रॅम आले. कप्प्या अडकतात का ते फिरवून पाहिलं, फळ्यावर टिचकी मारली, वजनं बदलून आणखी दोनदा केला. तरी दोनशे तीसच.

आमचे सर हुशार होते, आणि ते हुशार आहेत हे समोरच्याला ते क्षणभरही विसरू देत नसत. मला ते बोरगावची मॅडम म्हणत. कागदात डोकावून ते मोठ्यानं म्हणाले, "काय काढलं वो मॅडम? दोनशे तीस? दगड बाळंत झाला का काय?"

वर्ग खिदळला. मी म्हटलं, "सर, तीनदा करून पाहिला."

"म्हंजे तीनदा चुकली."

परीक्षक भले गृहस्थ. त्यांनी तोंडातली फोड गिळून सांगितलं, "बेटा, एक बार और करके देखो." मी पुन्हा केला. गाठ होती तिथेच थांबली.

मग मी जे बोलू नये ते बोलले. "सर, दगड काट्यावर मोजून पाहू का?" काटा पाठीमागच्या कपाटात होता, आणि कपाटाची किल्ली सरांच्या खिशात.

खिदळणं एकदम बंद झालं. परीक्षकांपुढे सगळ्या वर्गाचे कागद रचलेले होते आणि झाडून सगळ्यांचं उत्तर एकशे ऐंशी होतं. दगड दोनशे तीसचा निघाला असता तर ती सगळी थप्पी खोटी ठरली असती, आणि सरांनी वर्षभर काय शिकवलं तेही उघडं पडलं असतं. सौंसरपासून रोज माझ्यासाठी सीटवर ओढणी टाकून जागा धरणारी मैत्रीण शेजारीच उभी होती. ती दातओठ खात कुजबुजली, "लिहून टाक ना वं. तुह्या एकटीपायी सगळ्याईले कायले डुबवून राहिली?" तिचा तो चेहरा मी आजही विसरलेली नाही, आणि तिला मी माफही केलेलं नाही.

"काटा परीक्षेत भेटत नाही," सर म्हणाले. "वजन मी सांगतो तुले. एकशे ऐंशी. काढ आता."

ते माझ्या डोक्यावर उभे राहिले. मी रबर घेतलं. दोन रेघांमधला कोन रुंद केला की कर्ण आखूड होतो, एवढं फिजिक्स मला येत होतं. मी कोन रुंद केला. सर वरून म्हणत होते, "अजून थोडा. अजून. हं, आता येऊन राहिला बरोबर." समोर फळ्यावर गाठ आपल्या कोनात लटकलेली होती आणि कागदावर मी वेगळाच कोन काढत होते. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडून तो फुगला. मागे कोणीतरी पुन्हा हसलं. शेवटी कर्ण तीन पूर्णांक सहा सेंटीमीटर आला, म्हणजे सेंटीमीटरला पन्नास ग्रॅमच्या मापाने एकशे ऐंशी.

सरांनी कागद उचलला आणि सरळ परीक्षकांपुढे धरला. "देखिए सर, मिटाके रिजल्ट बनाया है."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. परीक्षकांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला, खोडलेल्या रेघा नीट पाहिल्या आणि मनापासून वाईट वाटून म्हणाले, "बेटा, साइंस में बेईमानी नहीं चलती." मग त्यांनी मला नापास केलं. बाकी सगळे पास झाले. त्यांच्या कागदांवर खाडाखोड नव्हती.

घरी बाबा ओरडले नाहीत, फक्त माझा बसचा पास मागून घेतला आणि स्वतःच्या खिशात ठेवला. माय त्यांच्या पाया पडायची तेवढी बाकी राहिली. तिनं जामसांवलीच्या मारुतीला नारळ कबूल केला. तेव्हा कुठे ते पुरवणी परीक्षेला तयार झाले. "एक डाव," म्हणाले. "मंग माह्यासंग बोलाचं नाही."

पुरवणीच्या आदल्या दिवशी त्याच मैत्रिणीचा मेसेज आला. "सरनं सांगतलं, आता दोनशे तीस लिहाचं. जुना दगड कवाचाच हरवला होता, शिपायानं दुसरा बांधला होता. कोणाले मालूमच नव्हतं." मी लिहिलं, "म्हंजे माह्यं बरोबर होतं ना?" तिचं उत्तर लगेच आलं, "हो ना वं," आणि पुढे हसून हसून डोळ्यांतून पाणी काढणारे दोन चेहरे.

दुसऱ्या दिवशी मी दगड टांगलाच नाही. तो टेबलावर पडून होता, दोऱ्या फळ्यावर सैल लोंबत होत्या. मी घरून ठरवून आणलेला कोन काढला, स्वच्छ रेघा ओढल्या, दोनशे तीस लिहिलं आणि हात वर केला.

सर आले. त्यांनी कागद पाहिला, मग सैल दोऱ्या पाहिल्या, मग टेबलावरचा दगड पाहिला. "प्रयोग केला ना?"

"हो सर."

ते हसले, आणि खरं सांगते, त्या हसण्यात माया होती. "आता शिकली," म्हणाले आणि पेन शोधायला खिसे चाचपू लागले.

तो दगड उचलून त्यांच्या कपाळात घालावा असं फार वाटलं. दर पोळ्याला गोटमारीत एकमेकांवर दगड फेकणाऱ्या पांढुर्ण्यात ते कोणाला शिकवावं लागत नाही. पण कागदावर सही व्हायची होती. मी माझं पेन त्यांच्यापुढे केलं, आणि सही झाल्यावर म्हटलं, "थँक्यू सर."