माधवीच्या चित्रातली होडी

माझ्या पत्नीच्या चित्रावर दुसऱ्याने ब्रश चालवला. त्या माणसाला मी क्षमा केलेली नाही.

माधवीला जाऊन आज वर्ष झाले.

निवृत्तीनंतर ती डोंबिवलीत रविवारच्या चित्रकला वर्गाला जाऊ लागली. दिवा गावाजवळची खाडी तिने चार महिने रंगवली.

त्यात जवळचे आणि दूरचे एकाच मापाचे होते. सावली नाही, आकाश नाही. खारफुटीचे पान न् पान भरतकामासारखे, आणि पाणी वरपासून खालपर्यंत सपाट, हळदीच्या रंगाचे.

वर्गाची एक रीत होती. सर विद्यार्थ्याच्या हातातून ब्रश घेत आणि त्याच्याच चित्रावर चूक सुधारून दाखवत.

‘‘ताई, लांबचं काय, जवळचं काय, कळतच नाही. चादरीचं डिझाइन झालंय हे,’’ असे म्हणत त्यांनी सर्वांसमोर एक निळी क्षितिजरेषा ओढली. तिच्यावर इवलीशी होडी काढली.

वर्ग हसला.

ओले असतानाच का पुसले नाहीस, असे मी घरी विचारले.

‘‘अहो, सगळ्यांदेखत पुसलं असतं तर सरांना काय वाटलं असतं?’’

मी म्हणालो, ‘‘सरांना त्यातलं कळतं, माधवी.’’

चित्र कपाटामागे गेले. त्यानंतर तिने ब्रश हाती घेतला नाही.

गेल्या महिन्यात सरांचा फोन आला. ठाण्यात शिष्यांचे प्रदर्शन आहे, ताईंचे ‘आमच्या मार्गदर्शनाखालचे’ चित्र हवे.

मी होकार दिला. अट एकच घातली : चित्राखालचा मजकूर माझा असेल. काय लिहिणार, हे त्यांनी विचारले नाही.

मी आयुष्यभर कोर्टात मसुदे तपासले आहेत. हा तीन ओळींचा मसुदा लिहायला मला आठवडा लागला. आज सकाळी, उद्घाटनापूर्वी, तो मी स्वहस्ते लावला.

क्षितिजरेषा व होडी : सर.
उर्वरित चित्र : माधवी.
सरांना दुजोरा देणारा : पती.

सरांनी तो पाहुण्यांसमोर दोनदा वाचला. मग हलक्या आवाजात, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, आत्ताच्या आत्ता काढा, असे म्हणाले.

‘‘यातलं एक अक्षर जरी खोटं असेल, तर तेवढं तुम्ही खोडा, सर. हे पेन.’’

त्यांनी पेन घेतले नाही.

प्रदर्शन रविवारपर्यंत आहे. मित्रांनी अवश्य यावे. तिसरी ओळही वाचावी.

माधवी, तुझ्या बाजूने बोलायला मला फार उशीर झाला.

तुझ्या स्मृतीस माझा नमस्कार.