मूळ अज्ञात

आमच्या भाऊजींना, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, छापखान्यातले लोक मागून 'मूळव्याध' म्हणतात. भाऊजींना हे ठाऊक आहे आणि त्याचं वाईटही वाटत नाही. निदान शब्द योग्य जागी वापरलाय, असं त्यांचं म्हणणं.

औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला जो कागद कोणी वाचत नाही, तो त्या छापखान्यात छापतात. भाऊजी त्याची प्रुफं तपासतात. गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे त्यांच्या लाल पेनाच्या हाती. त्यांच्या चुकीने आजवर कोणी दगावलं नाही, पण घरी आलेला पाहुणा मात्र शब्दाचं मूळ ऐकल्याशिवाय त्यांच्या तावडीतून सुटत नाही. चहा पिऊन कोणी 'नाइस' म्हणालं की भाऊजी आपला कप खाली ठेवतात. "नाइस म्हणजे मुळात अडाणी. मग झाला चोखंदळ, मग नाजूक, आणि आता तुमचा चहा." एकदा माझी पाठ धरली, तेव्हा 'मसल' हा लॅटिनमधल्या पिटुकल्या उंदरापासून आला, हे त्यांनी मला पालथा पाडून सांगितलं. बाम ताईनेच लावला. 'सेट' या एकाच शब्दाचे शेकडो अर्थ सांगायला बसले की जेवण गार होतं.

हे सगळं मनापासून ऐकणारा जगात एकच माणूस निघाला. तो फ्रिज दुरुस्त करायला आला होता. 'विंडो' म्हणजे वाऱ्याचा डोळा, असं भाऊजींनी सांगितल्यावर तो पान्हा खाली ठेवून उठला, खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "खरंच की." भाऊजी विरघळलेच. त्यानंतर फ्रिज वरचेवर बिघडायला लागला. तो कोण बिघडवतंय हे माझ्या लक्षात आलं, ताईच्याही आलं. लॅटिनपर्यंत खणत जाणाऱ्या माणसाला मात्र स्वतःच्या स्वयंपाकघरातलं कळलं नाही.

शेवटी माझ्या भाचीनेच सांगून टाकलं, लग्न करीन तर याच्याशी.

"मुलगा चांगलाच आहे," भाऊजी म्हणाले. "घरी कोण कोण असतं?"

घरी कोणीच नसायचं. तो अनाथालयात वाढला होता. आईबाप कोण ते कोणालाच माहीत नव्हतं, आडनावसुद्धा तिथल्या व्यवस्थापकांचं लावलेलं. भाऊजींचा चेहरा उतरला. ज्याच्या मुळाचा पत्ता नाही त्याला मुलगी कशी द्यायची, म्हणाले, आणि विषय बंद केला. मला संताप आला. अरबी, ग्रीक, कुठकुठले शब्द हा माणूस घरात आणून मांडीवर घेतो, आणि एका पोराला उंबरठ्यावर अडवतो.

मुलगा यायचा बंद झाला. फ्रिज ठणठणीत चालू लागला. भाची बापाशी कामापुरतंही बोलेना.

एका रविवारी मी तिथेच होतो. भाची कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता तिने विचारलं, "बाबा, 'बॉय' शब्द कुठून आला?"

लेकीने आपणहून काही विचारलं म्हणून भाऊजी खुलले. पेपर बाजूला ठेवून सावरून बसले. मुलीला ते एखादे वेळी खोटं सांगतीलही, पण शब्दाबद्दल नाही.

"नक्की माहीत नाही," ते म्हणाले. "विद्वानांचं एकमत नाही."

"आणि 'गर्ल'?"

"तेही नाही."

"'डॉग'?"

"मूळ अज्ञात."

"तरी वापरता."

"वापरतो. सगळेच वापरतात," असं म्हणून भाऊजी आत निघून गेले.

संध्याकाळी फ्रिज बंद पडला. भाची तर माझ्यासमोर बसली होती. मी मागे वाकून पाहिलं, तर प्लग काढून ठेवलेला. बाहेरच्या खोलीत भाऊजी फोनवर सांगत होते, "सवड काढून ये रे बाबा. आमच्या काही हे लक्षात येत नाही."

लग्नपत्रिका अर्थातच भाऊजींच्या छापखान्यात गेली. प्रूफ घरी आलं. एका बाजूला भाचीचं नाव, त्याखाली ताई-भाऊजींची कन्या अशी ओळ. दुसऱ्या बाजूला मुलाचं नाव आणि त्याखाली कोरी जागा. तिथे काय टाकायचं, असं अक्षरं जुळवणाऱ्याने पेन्सिलीने विचारलं होतं. अनाथालयाचं नाव टाका, असं मी सुचवलं. भाऊजींनी चष्मा लावला आणि लाल पेनाने भाचीच्या नावाखालची ओळ खोडली.

ताई भडकली. "अहो, एकुलती एक मुलगी. तिच्या पत्रिकेत आईबापाचं नाव नाही? लोक काय म्हणतील?"

"ती कोणाची ते लोकांना माहीत आहे," भाऊजी म्हणाले. "एकीकडे ओळ आणि एकीकडे कोरं, बरं दिसत नाही."

ताईने कागद ओढून घेतला, वाचला, आणि परत त्यांच्यापुढे ठेवला. भाऊजींनी समासात 'छापावे' असं लिहून सही केली.