डोहाळ्याचं पाणी

वरवे बुद्रुकच्या अलीकडे, भातखाचरांना लागून, धातूवर क्रोमचा मुलामा चढवणारा, प्लेटिंगचा एक बंद कारखाना आहे. मालकाने पत्र्यांपासून दाराच्या कड्यांपर्यंत सगळं विकलं. जे विकता येत नव्हतं ते जमिनीत मुरवून तो मोकळा झाला. तिथली माती आणि आसपासचं पाणी तपासायचं काम माझ्याकडे आलं. माझं माहेर वेल्ह्याकडचं, पासलीचं. भाताच्या गावात वाढल्यामुळे पाणी उताराने कुठे जाणार ते आधी बघायची मला सवय आहे. कारखान्याच्या मागे उभी राहिले, तर दोन बांध खाली एक विहीर दिसली.

विहीर एका मावशींची होती. घरात त्या आणि त्यांचे यजमान, दोघंच. एकुलती मुलगी लग्न होऊन पुण्यात राहायला गेलेली. आम्ही कारखान्याच्या जुन्या टाक्यांखाली भोकं पाडून माती काढली, ती वीतभर खालीच पिवळट निघाली. विहिरीचं पाणी मात्र दिसायला नितळ. ते बाटल्यांत भरून बर्फाच्या पेटीत ठेवलं आणि मावशींना बजावलं, की तपासणी होऊन येईपर्यंत हे पाणी अजिबात प्यायचं नाही. त्या हो म्हणाल्या. पंचायतीचा नळ होताच.

पाण्यात ते विषारी क्रोम निघालं, आणि तेही भरपूर. असलं फोनवर सांगवेना म्हणून मी स्वतःच गेले. मावशी अंगणात बसून फडक्यातून कॅनमध्ये पाणी गाळत होत्या. कुणासाठी म्हणून विचारलं.

"आमी न्हाई पीत, तुमी सांगितल्यापासनं. ह्ये पोरीचं हाय. सातवा लागलाय तिला. हितल्याच पान्याचं डव्हाळं लागल्यात, मग न्हाई कसं म्हनायचं?"

दर आठवड्याला एक कॅन एसटीने स्वारगेटला जायचा आणि तिथून जावई तो घरी न्यायचे. डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचा कान फुटतो, हे मीही लहानपणापासून ऐकत आलेय. डोहाळ्याचं पोटात गेलेलं कधी बाधत नाही, असंही मावशींनी मलाच समजावलं. तरी मी बजावलं होतं म्हणून त्या पाणी निम्मं होईपर्यंत उकळत होत्या. जंतू असते तर मेले असते. क्रोम मरत नाही, पाणी आटलं की उलट जास्तच दाट होतं. हे मला त्यांच्या तोंडावर सांगावं लागलं. असले निकाल मी साहेबांसमोर खडाखडा वाचून दाखवते. त्या दिवशी निकालाचा कागद मी पिशवीतून काढलाच नाही.

मावशींनी कॅन उचलून तुळशीपासून लांब नेला आणि रस्त्याकडेच्या मातीत ओतला. मी जावयांना फोन करून सगळं सांगितलं आणि डॉक्टरांच्या कानावर घालायला लावलं. मुलीला तूर्त कळू द्यायचं नाही, असं मावशी आणि जावयांनी ठरवलं. मला ते पटलं नव्हतं, पण मावशींचा चेहरा बघून मी गप्प बसले. निघताना त्यांनी विचारलं, की आता डोहाळे अर्धेच राहिले, तर बाळाच्या कानाचं काय?

एरवी मी अशा गोष्टींवरून माणसांशी वाद घालते. त्या रविवारी मात्र पासलीला गेले आणि आमच्या झऱ्याचं पाणी कॅनभर आणून त्यांना दिलं. त्यांनी ते घरचंच म्हणून एसटीत चढवलं.

डॉक्टरांच्या मते बाळाचे ठोके नीट आहेत. आधीच्या महिन्यांत पोटात गेलं त्याचं पुढे काय होईल, हे त्यांना सांगता येत नाही आणि मलाही नाही. कारखान्याची जमीन खोदून उचलता येईल, विहीर बुजवता येईल. प्यायलेलं पाणी कुठून काढायचं? या विचाराने मला अजून वाईट वाटतं.

पुन्हा गेले तेव्हा मावशी पायरीवर बसल्या होत्या. पोरीचा फोन आला होता म्हणाल्या.

"म्हनली, आई, आता लागतंय बघ आपल्या हिरीचं पानी. मधी लई तुरट लागायचं. पन तू एवढं पाठवतीस, तुला वाईट वाटंल म्हून पीत ऱ्हायले."

एवढं सांगून त्यांनी धुतलेला रिकामा कॅन माझ्या हातात दिला.